पिल्लू रात्री घरातच शू का करतं? आणि त्याला झोपवायचं तरी कुठे?

रात्रीचे पावणेतीन. तहान लागली म्हणून तुम्ही उठता, दिवा न लावताच स्वयंपाकघराकडे निघता आणि हॉलच्या मधोमध पाय ओला होतो. पाणी सांडलेलं नसतं. कोपऱ्यात दोन महिन्यांचं पिल्लू शेपूट हलवत तुमच्याकडे बघत असतं.

पहिल्या रात्री हसू येतं. चौथ्या रात्री चिडचिड होते. दहाव्या दिवशी घरात कुणीतरी म्हणतंच, "देऊन टाका कुणाला तरी." मग 'पिल्लासाठी चांगलं घर हवंय' अशी पोस्ट पडते. तुम्हीही अशा पोस्ट पाहिल्या असतील. त्यामागे कधीकधी फक्त ओली फरशी असते.

म्हणूनच हा विषय नीट समजून घ्यायला हवा. रात्रीची शू हा पिल्लाचा हट्ट नाही. त्याचं मूत्राशय किती वेळ धरू शकतं आणि आपण त्याला कुठे झोपवतो, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून आहे. त्यातली दुसरी पूर्णपणे आपल्या हातात आहे.

गावाकडे हा प्रश्न का नव्हता?

आजोळच्या घरातला कुत्रा आठवा. तो ओट्यावर, पडवीत किंवा अंगणात गोणपाटावर झोपायचा. लागली की उठायचा, कुंपणाकडे जाऊन यायचा आणि परत झोपायचा. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं, कारण मध्ये दार नव्हतं.

सातव्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये मात्र कुत्रा आणि मातीच्या मध्ये कडी, लिफ्ट आणि झोपलेला मालक असतो. कुत्र्याचं शरीर तेच आहे, घर बदललंय. त्यामुळे रात्रीची सोय आपल्याला करून द्यावी लागते.

पिल्लू किती वेळ धरून ठेवू शकतं?

जन्मानंतरचे पहिले काही आठवडे पिल्लाला स्वतःहून शूसुद्धा करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लं स्वतःहून करू लागतात. पण 'थांबायचं' हे कौशल्य त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येतं.

यासाठी एक ढोबळ हिशोब वापरला जातो. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. तितके तास ते जास्तीत जास्त थांबू शकतं. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू साधारण तीन तास. झोपेत हा वेळ थोडा वाढतो, खेळताना बराच कमी होतो. बहुतेक पिल्लं चार ते सहा महिन्यांची झाल्यावर रात्रभर थांबू लागतात. लहान चणीच्या जातींना आणखी वेळ लागू शकतो.

आता रात्री अकरा ते सकाळी सात मोजा. आठ तास. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून आपण त्याच्या ताकदीच्या दुपटीहून जास्त अपेक्षा करतोय.

भारतात २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. तरीही महिना-सव्वा महिन्याची पिल्लं घरी येतातच. अशा पिल्लाकडून रात्रभर कोरड्या फरशीची अपेक्षा करणंच चूक.

झोपायच्या जागेचा शूशी काय संबंध?

कुत्रा शक्यतो आपल्या अंथरुणात घाण करत नाही. अगदी लहान पिल्लंसुद्धा चालता यायला लागल्यावर झोपायच्या जागेपासून दूर जाऊन शू करतात.

म्हणजे पिल्लाला रात्री अख्खा हॉल मोकळा दिला, तर त्याच्या दृष्टीने सोफ्याजवळचा कोपरा अंथरूण आणि टीव्हीखालचा कोपरा संडास. त्याने त्याचा नियम पाळलेलाच असतो.

त्यामुळे रात्रीची जागा छोटी ठेवा. क्रेट, आडवी फळी लावून वेगळा केलेला कोपरा, काहीही चालेल. पिल्लाला उभं राहता यावं, वळता यावं आणि पाय पसरून झोपता यावं, इतकीच जागा. पण एक अट आहे. जागा छोटी असेल तर तुम्हाला वेळेवर उठावंच लागेल. पिल्लाला तासन्‌तास कोंडून अंथरुणातच शू करायची वेळ आणली, तर ही नैसर्गिक सवय मोडते. दिवसरात्र पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लांना शिकवणं जड जातं ते याचमुळे.

मग कुठे झोपवायचं?

सुरुवातीचे काही आठवडे तुमच्याच खोलीत, पण पलंगाखाली, त्याच्या स्वतःच्या जुन्या गोधडीवर. आई आणि भावंडांची ऊब सोडून आलेलं पिल्लू बंद दाराआड रडणारच. शिवाय ते कुळबुळलं की तुम्हाला ऐकू यायला हवं.

पलंगावर घ्यायचं का? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ४० निरोगी कुत्रेमालकांच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्रा खोलीत असल्याने झोपेचं फार बिघडत नव्हतं. कुत्रा थेट पलंगावर असेल तर मात्र माणसाच्या झोपेचा दर्जा थोडा घसरत होता. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. १९९३ मधल्या एका अभ्यासात कुत्रे रात्री सरासरी १६ मिनिटं झोप आणि ५ मिनिटं जाग, अशा चक्रात झोपत असल्याचं दिसलं होतं. तुमच्या एका झोपेत त्याच्या वीसेक झोपा होतात.

बाल्कनी आणि गच्ची ही कायमची झोपायची जागा नाही. ऊन, पाऊस, डास आणि एकटेपणा सगळं तिथे आहे. शेतघर किंवा गावाकडचं घर असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. त्यात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के. बिबट्याच्या पट्ट्यात कुत्र्याला रात्री बाहेर साखळीला बांधणं म्हणजे त्याला पळायचीही संधी न देणं.

रात्रीचं वेळापत्रक कसं लावायचं?

- रात्रीचं जेवण झोपायच्या तीन-चार तास आधी द्या. पाणी मात्र तोडू नका, उन्हाळ्यात तर अजिबात नाही.
- झोपायच्या अगदी आधी एकदा शूला न्या.
- दोन महिन्यांचं पिल्लू अकराला झोपलं, तर दोनचा आणि पाचचा गजर लावा. ते रडायच्या आधी तुम्ही उठलात, तर 'रडलं की सुटका' हे समीकरण तयार होत नाही.
- दिवा मंद, गप्पा नाहीत, खेळ नाही. पट्टा लावा, ठरलेल्या जागी न्या, पाच मिनिटं थांबा. झाली की हळू आवाजात शाबासकी आणि परत अंथरूण.
- तीन-चार रात्री कोरड्या गेल्या की गजर पंधरा मिनिटं पुढे ढकला. असं करत एक फेरी कमी होते, मग दुसरी.

लसीकरण झालेलं नाही, खाली कसं नेणार?

पार्व्होचा विषाणू जमिनीत अनेक महिने टिकतो. त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत भटक्या कुत्र्यांची ये-जा असलेल्या जागी पिल्लाला उतरवू नका. घरातच एक जागा ठरवा, बाथरूमची मोरी किंवा बाल्कनीतला वर्तमानपत्राचा कोपरा. जागा रोज तीच हवी. याच वयात पायाखाली जे लागतं त्याची सवय होते. म्हणूनच मऊ पायपुसणी काही दिवस उचलून ठेवा.

लसी झाल्या की मध्यरात्रीची लिफ्ट आली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळायला किंवा त्याला लिफ्टमधून न्यायला बंदी घालता येत नाही. पण खिशात पिशवी ठेवा आणि शी स्वतः उचला. वॉचमनकाकांशी संबंध त्यावरच टिकतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, लेप्टोस्पायरोसिसचा धोका कुत्र्यालाही असतो आणि तुम्हालाही.

"तोंड घासा, परत करणार नाही"

हा सल्ला रील्सवरही मिळतो आणि शेजारच्या काकांकडूनही. तो चुकीचा आहे. तासाभरापूर्वीची शू आणि आत्ताचा मार यांचा संबंध पिल्लाला जोडता येत नाही. त्याला एवढंच कळतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते पलंगाखाली, पडद्यामागे लपून करायला लागतं आणि बाहेर नेल्यावर तुमच्यासमोर करत नाही.

पुसायचं कशाने? आपला हात फिनाईलकडे जातो. पण फिनॉल असलेली जंतुनाशकं कुत्र्यांसाठी विषारी असतात आणि पिल्लू फरशी चाटतंच. अमोनियाचा वासही नको, तो शूसारखाच लागतो. शूमधले घटक मोडणारे एन्झाइमयुक्त क्लीनर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतात. वास पूर्ण गेला नाही, तर तीच जागा पुन्हा निवडली जाते.

शिकलेला कुत्रा अचानक घरात करायला लागला तर?

इथे रागावण्याआधी डॉक्टरांकडे जा. कुत्रा दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून जास्त पाणी पीत असेल, तर तपासणी हवीच. मधुमेह, मूत्रपिंडाचे आजार, मूत्रमार्गाचा संसर्ग, यातलं काहीही असू शकतं. खाजेसाठी दिलेल्या स्टिरॉइडनेही तहान आणि शू वाढते.

नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. ही तातडीची वेळ आहे, सकाळची वाट बघू नका.

नसबंदी झालेली मादी झोपेतच ओली होत असेल, तर तिला ते कळतही नसतं. त्यावर औषधं आहेत. म्हातारा कुत्रा रात्री घरभर फिरतो, दिवसा झोपतो, नेहमीची जागा विसरतो, तेव्हा ती माणसातल्या विसरभोळेपणासारखी मेंदूची झीज असू शकते. वयात आलेला नर उभ्या वस्तूंवर थोडी थोडी शू करतो ते हद्द आखणं असतं, तो वेगळा विषय.

थोडक्यात काय?

दोन महिन्यांचं पिल्लू आज घरी आलं, तर तुमच्या मोडलेल्या झोपेचे साधारण दोन ते चार महिने आहेत. कुत्रा त्यानंतर दहा-बारा वर्षं तुमच्यासोबत असणार आहे. घरात आणायच्या आधीच 'रात्री दोनला कोण उठणार आणि पाचला कोण' हे ठरवा. आणि आणून झालं असेल, तर 'चांगलं घर हवंय' ही पोस्ट टाकण्याआधी दोन आठवडे गजर लावून बघा.