अचानक गेलेल्या माणसाची आठवण

दीर्घ आजाराने माणूस जातो, तेव्हा घरच्यांच्या मनाची थोडीफार तयारी झालेली असते. पण सकाळी डबा घेऊन कामावर गेलेला माणूस संध्याकाळी परतलाच नाही, तर? अपघात किंवा हृदयविकाराचा झटका निरोप घ्यायलाही सवड देत नाही. अशा घरात कित्येक दिवस सवयीने एक ताट जास्त घेतले जाते, दाराची कडी वाजली की तोच आला असे वाटते. हे वेड नव्हे. बुद्धीला कळलेले मनाला पटायला वेळ लागतो.

झोप उडणे, भूक मरणे, विसराळूपणा वाढणे हेही स्वाभाविक आहे. मात्र छातीत दुखू लागले किंवा धाप लागली, तर ‘दुःखाने होतंय’ म्हणून अंगावर काढू नये. जबर धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा पडू शकतो. १९९० साली जपानी डॉक्टरांनी या विकाराला ‘ताकोत्सुबो’ हे नाव दिले. उतारवयातील स्त्रियांत तो अधिक आढळतो. लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असल्याने ताबडतोब ईसीजी काढून घ्यावा.

‘लवकर दवाखान्यात नेले असते तर?’ हा प्रश्न अनेकांना छळतो. जे मागाहून कळते, ते त्या वेळी ठाऊक नसते. शंका असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटून विचारावी. मनातल्या मनात स्वतःवर खटला चालवू नये.

तेरावा झाला की पाहुणे पांगतात. मग रडू नको म्हणून घरात त्या माणसाचे नावही कोणी काढत नाही. परिणामी मनात शेवटचा दिवसच उरतो आणि तीस-चाळीस वर्षांचा सहवास त्यामागे झाकला जातो. म्हणून त्याच्याविषयी बोलावे. त्याची थट्टा, त्याचा राग, त्याच्या आवडीची भाजी, सारे आठवावे. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्यावे. मात्र ज्याला बोलायचे नाही, त्याला आग्रह करू नये. लहान मुलांना ‘बाबा गावाला गेलेत’ असे सांगू नये; ती वाट पाहत राहतात. खरे तेच साध्या शब्दांत सांगावे.

वर्षश्राद्धाला किंवा सणाला दुःख पुन्हा उफाळते, हा आजार नव्हे. परंतु सहा महिने उलटूनही तीच तीव्र ओढ राहिली आणि रोजची कामेही होईनाशी झाली, तर मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अशा लांबलेल्या शोकाची नोंद आहे, आणि त्यावर उपचारही आहेत. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. दारूचा आधार तर नकोच. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

आपल्या शेजारी असे घर असेल, तर तेराव्यानंतर महिन्याभराने पुन्हा एकदा जा. गेलेल्या माणसाचे नाव घेऊन एखादी आठवण सांगा. घरच्यांना तेच ऐकायचे असते.