विश्लेषण : मोर्चा निघाला की बंदुका कमी होतात का? बीडमध्ये काय घडले, पुण्यात काय घडू शकते?

बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. त्यांच्यावर गोळी झाडली गेली नव्हती, अमानुष मारहाणीत त्यांचा जीव गेला. तरीही त्यानंतर पेटलेल्या आंदोलनात एक प्रश्न सतत विचारला गेला, तो बंदुकांचा होता. एका जिल्ह्यात इतक्या जणांना शस्त्र परवाने मिळालेच कसे? महिन्याभरात त्यातले शंभर परवाने रद्द झाले.

वाघोली, केसनंद, खराडी या पट्ट्यात मराठवाड्यातून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. त्या काळात इथल्या अनेकांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर मस्साजोगच होते. स्टेटस ठेवून आणि मोर्चात चालून खरेच काही बदलते का, की चार दिवस गाजावाजा होऊन सगळे पूर्ववत होते? बीडच्या प्रकरणात याचे उत्तर तपासून पाहता येते, कारण तिथे मोजता येणारा एक आकडा होता.

बीडमध्ये नेमके काय झाले?

सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी बीड जिल्ह्यात १,२२२ शस्त्र परवाने असल्याची माहिती जाहीरपणे मांडली. त्याच सुमारास कमरेला पिस्तूल लावलेले फोटो आणि परळीत हवेत गोळीबार करतानाचा व्हिडिओ फिरू लागला. २८ डिसेंबरला बीडमध्ये सर्वपक्षीय मोर्चा निघाला. बंदुकीसह फोटो टाकणाऱ्यांचे परवाने तपासा, असे आदेश मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी याच सुमारास दिले. जिल्ह्याला नवे पोलीस अधीक्षक मिळाले होते. परवानाधारकांपैकी कोणाकोणावर गुन्हे दाखल आहेत, याची छाननी त्यांनी सुरू केली. जानेवारी २०२५ मध्ये जिल्हा प्रशासनाने पहिल्या टप्प्यात शंभर परवाने रद्द केले आणि पुढे हा आकडा वाढत गेला.

यात नवा कायदा कुठेही झाला नाही, ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १७ नुसार सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटल्यास परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार प्रशासनाला आधीपासूनच आहे. बीडमध्ये तो वर्षानुवर्षे होता, पण फाइल हलत नव्हती. आंदोलनाने ती हलवली. माझ्या मते रस्त्यावरच्या दबावाचे सर्वात खात्रीचे यश असेच दिसते, म्हणजे असलेला नियम लागू होण्यात. नवा नियम जन्माला येणे त्या मानाने दुर्मीळ.

तत्कालीन मंत्री धनंजय मुंडे यांच्या राजीनाम्याची मागणीही पहिल्या मोर्चापासून होती. तो राजीनामा आला ४ मार्च २०२५ रोजी, म्हणजे जवळपास तीन महिन्यांनी. त्याच्या आदल्या दिवशी देशमुख यांच्या छळाची छायाचित्रे समोर आली होती. म्हणजे मोर्च्यांनी विषय जिवंत ठेवला, पण शेवटचा धक्का पुराव्याने दिला. खटला अजून न्यायालयात आहे.

आणि लोकांची मते?

इथे चित्र तितके सरळ नाही. वाल्मिक कराड ३१ डिसेंबरला पुण्यात सीआयडीसमोर शरण आला. पुढे त्याच्यावर मकोका लागला, तेव्हा परळीत त्याच्या समर्थकांनी बंद पुकारला. एकच तपास, एकच जिल्हा आणि रस्त्यावर दोन विरुद्ध गर्दी! प्रकरणाला जातीचा रंग चढत गेला, तसे समोरच्या बाजूचे लोक अधिकच ताठर झाले. बंदुकीचा प्रश्न कोणत्याही जातीचा नव्हता, पण तो मांडणाऱ्यांची जात पाहिली गेली.

पुण्यात परवाना देतो कोण?

याचे उत्तर वाघोलीकरांसाठी गेल्या काही वर्षांत बदलले आहे. मार्च २०२१ पर्यंत लोणीकंद पोलीस ठाणे पुणे ग्रामीण पोलिसांकडे होते. ग्रामीण भागात परवान्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असतो. लोणीकंद शहर आयुक्तालयात गेल्यावर तो पोलीस आयुक्तांकडे आला. त्याच वर्षी वाघोली महापालिकेत गेली आणि २०२४ मध्ये वाघोलीला स्वतंत्र पोलीस ठाणे मिळाले. आज शस्त्र परवान्यांच्या मुद्द्यावर कोणी वाघोलीहून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तर तो चुकीच्या दारावर जाईल.

परवान्यासाठी अर्जदाराला शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि त्याच्याविषयी पोलिसांचा अहवाल मागवला जातो. परवाना पाच वर्षांसाठी असतो. नेमबाज खेळाडूंसारखे अपवाद सोडले तर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात. अर्ज फेटाळला किंवा परवाना रद्द झाला, तर कलम १८ नुसार अपील करता येते. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध अपील विभागीय आयुक्तांकडे जाते, पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्य सरकारकडे.

या अपिलाच्या वाटेवर २०२५ मध्ये पुण्यात मोठा वाद झाला. कोथरूडमधील कुख्यात गुंड नीलेश घायवळ याच्या भावाचा अर्ज पोलिसांनी नाकारला होता. गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी अपिलात परवाना देण्याचा आदेश दिला. संबंधित व्यक्तीची न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली होती, अशी बाजू कदम यांनी मांडली. पोलिसांनी मात्र प्रत्यक्षात परवाना दिला नाही. हा आदेश जूनमधला, त्याची चर्चा झाली ऑक्टोबरमध्ये. तीही कोथरूडमध्ये घायवळ टोळीने गोळीबार केल्यानंतर. मधल्या काळात कोणाला पत्ताच नव्हता, मग आंदोलन कशाविरुद्ध करणार?

मोर्चा न काढताही धोरण बदलते

२०१९ मध्ये केंद्राने शस्त्र अधिनियमात दुरुस्ती केली. तोवर एका परवानाधारकाला तीन शस्त्रे ठेवता येत होती. संसदेत मांडलेल्या मूळ विधेयकात ही मर्यादा थेट एकावर आणण्याचा प्रस्ताव होता. वडिलोपार्जित बंदुका बाळगणारे आणि नेमबाज यांच्याकडून हरकती आल्या, आणि डिसेंबर २०१९ मध्ये विधेयक मंजूर झाले तेव्हा मर्यादा दोनवर थांबली. ज्यांचे प्रत्यक्ष काही जाणार असते, ते निवेदन घेऊन नेमक्या टेबलापर्यंत पोहोचतात. ज्यांना बंदुकीचा धोका वाटतो, ते संख्येने कितीतरी जास्त असतात, पण विखुरलेले.

याच दुरुस्तीने लग्नात, वरातीत हौसेने केलेला आणि इतरांचा जीव धोक्यात घालणारा गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. परळीचा व्हिडिओ आठवतो ना?

दाभोलकरांनंतर पुण्यात काय बदलले?

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर गोळ्या घालण्यात आल्या. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अठरा वर्षे झटत होते. हत्येनंतर राज्यभर संताप उसळला आणि त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. अठरा वर्षे अडकलेले काम चार महिन्यांत झाले.

पण मसुदा तयार होता, हे विसरता येणार नाही. त्यावर चर्चा, दुरुस्त्या, तडजोडी होऊन गेल्या होत्या. संतापाला कागद आयता मिळाला. मारेकऱ्यांना शिक्षा व्हायला मात्र १० मे २०२४ उजाडले. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. मधली जवळपास अकरा वर्षे कार्यकर्ते दर महिन्याच्या २० तारखेला त्या पुलावर जमत राहिले. कधी मोजकीच डोकी असत, तरी जमत.

जगाचा अनुभव काय?

स्कॉटलंडमधील डनब्लेन गावात १३ मार्च १९९६ रोजी शाळेत घुसून एकाने १६ मुले आणि एका शिक्षिकेला ठार केले. पालकांनी मोठे मोर्चे काढले नाहीत, सह्या गोळा केल्या. सुमारे सात लाख सह्यांची ती याचिका त्या ऋतूत फुलणाऱ्या स्नोड्रॉप या फुलाच्या नावाने ओळखली गेली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलांवर बंदी आली. ऑस्ट्रेलियात त्याच एप्रिलमध्ये पोर्ट आर्थर येथे ३५ जण मारले गेले. तिथे पुढाकार सरकारने घेतला आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. मोर्चे निघाले ते उलट बाजूने, बंदूकमालकांचे. पंतप्रधान जॉन हॉवर्ड एका सभेत त्यांच्यासमोर बुलेटप्रूफ जाकीट घालून उभे राहिले होते.

अमेरिकेत नेमके उलटे दिसते. फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले. २४ मार्चला विद्यार्थ्यांनी वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मोर्चा काढला, पण फ्लोरिडाचा कायदा त्याआधीच, ९ मार्चला झाला होता. बंदूक खरेदीचे किमान वय २१ करणाऱ्या त्या कायद्यावर बंदूक समर्थक मानल्या जाणाऱ्या रिपब्लिकन गव्हर्नरने सही केली. मुले त्याआधी राज्याच्या राजधानीत जाऊन आमदारांना थेट भेटली होती. देशपातळीवरचा कायदा यायला जून २०२२ उजाडले, तोही उवाल्डेच्या शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका गेल्यानंतर.

मतांचा आलेख तर अधिकच बोलका आहे. गॅलपच्या पाहणीत बंदुकीचे कायदे कडक करा म्हणणारे मार्च २०१८ मध्ये ६७ टक्के होते. २०२१ मध्ये ते ५२ टक्क्यांवर आले आणि उवाल्डेनंतर पुन्हा वर चढले. घटना घडली की रेघ उसळते, विसरली की खाली येते.

मोर्चामुळेच बदल झाला, हे सिद्ध कसे करणार?

संतापामुळे मोर्चाही निघतो आणि संतापामुळेच सरकारही हलते. मग श्रेय कोणाचे? इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर इथे तुलनेसाठी दुसरा नमुना नसतो. संशोधकांनी यावर एक झकास युक्ती शोधली, ती म्हणजे पाऊस. अमेरिकेत १५ एप्रिल २००९ रोजी टी पार्टी आंदोलनाने देशभर एकाच दिवशी सभा घेतल्या. जिथे पाऊस पडला तिथे गर्दी कमी झाली. पाऊस कोणाचे राजकारण पाहून पडत नाही, त्यामुळे ओल्या आणि कोरड्या ठिकाणांची तुलना करता आली. जिथे कोरडे होते तिथे पुढच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला जास्त मते मिळाली. एका जास्तीच्या आंदोलकामागे एकाहून कितीतरी जास्त मते. तिथल्या प्रतिनिधींचे सभागृहातले मतदानही त्या दिशेला झुकले. (आपल्याकडे हा प्रयोग फसण्याची शक्यता आहे. १८ ऑक्टोबर २०१९ ची साताऱ्यातली शरद पवारांची सभा आठवा. तिथे पाऊसच प्रचाराला आला होता!)

दुसरा अभ्यास ओमर वासो यांचा, १९६० च्या दशकातील कृष्णवर्णीयांच्या आंदोलनांवरचा. शांततामय आंदोलनांच्या जवळच्या भागांत नागरी हक्कांच्या बाजूचे मतदान वाढले. जाळपोळ झाली तिथे लोक ‘कायदा-सुव्यवस्था’ म्हणणाऱ्यांकडे वळले. परळीतला बंद आणि बीडचा मोर्चा यांकडे पाहतानाही हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मग पुण्यातल्या पिस्तुलांचे काय?

वाघोलीत बहुतेकांना बंदूक दिसते ती एटीएममध्ये रोकड भरायला आलेल्या गाडीजवळच्या गार्डच्या खांद्यावर. ती परवान्याची असते. पण शरद मोहोळ (५ जानेवारी २०२४) किंवा माजी नगरसेवक वनराज आंदेकर (१ सप्टेंबर २०२४) यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांनी कोणत्या कार्यालयात अर्ज केला नव्हता. टोळ्यांच्या हातातली बहुतांश शस्त्रे गावठी असतात आणि त्यांची वाट मध्य प्रदेशातून येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी बडवानी जिल्ह्यातील उमरटी गावात जाऊन पिस्तुले बनवणाऱ्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. परवाने रद्द करा, ही मागणी तिथपर्यंत पोहोचत नाही. तिला पत्ता लागतो, आणि गावठी पिस्तुलाला पत्ता नसतो.

परवान्यांबाबत मात्र आकडा मागता येतो. पुणे पोलीस आयुक्तालयाकडे माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचारता येतील. वाघोली पोलीस ठाण्याच्या हद्दीत सध्या किती परवाने वैध आहेत, त्यांपैकी किती जणांवर गुन्हे दाखल आहेत आणि गेल्या वर्षभरात कलम १७ खाली किती प्रकरणांचा फेरआढावा झाला. नावे देण्यास कार्यालय नकार देऊ शकते, संख्या देण्यात अडचण नसावी. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवानाधारकांची यादी काढून, छाननी करून शस्त्रे जमा करून घेतली जातातच, म्हणजे ही नोंद कार्यालयात असते. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस.