लग्न ठरलं, फाइल कुठली?

बोरिवली-मुलुंडमध्ये आता स्थळ बघताना पत्रिकेसोबत व्हिसाही विचारतात. जोडीदार कॅनडात असेल, तर स्पॉन्सरशिपचे रस्ते दोन. ‘इनलँड’मध्ये दोघांनी तिथेच एकत्र राहायचं. मध्येच आजी आजारी म्हणून घरी आलात आणि परत प्रवेश मिळाला नाही, तर अर्जच धोक्यात! नकार आला तर अपीलही नाही. ‘आउटलँड’मध्ये इथे राहून अर्ज करता येतो आणि नकाराविरुद्ध स्पॉन्सरला सहसा अपील करता येतं. जोडीदार पीआर असेल, तर स्पॉन्सर करताना त्याला कॅनडातच राहावं लागतं. नागरिक असेल, तर परतणार असल्याचं दाखवून बाहेरूनही जमतं. तेव्हा हॉल बुक करण्याआधी एकमेकांना विचारा, निकाल लागेपर्यंत कोण कुठे राहणार?