मुतखडा, पुरःस्थ ग्रंथी आणि शल्यवैद्याचे बोट

पुरुषाच्या ओटीपोटात, पुढून जघनास्थीच्या कमानीने, मागून गुदाशयाने आणि खालून श्रोणितळाच्या स्नायूंनी बंदिस्त केलेली एक जागा अशी आहे, की जेथे मूत्राशयाचे मुख, त्याला कडे घालून बसलेली पुरःस्थ ग्रंथी, शुक्रवाहिन्या आणि मूत्र धरून ठेवणारे स्नायू हे सर्व दोन-तीन बोटांच्या अंतरात दाटीवाटीने नांदतात. आणि डोळ्यांना सर्वस्वी अगोचर अशा या जागी पोचण्याची निकड शल्यवैद्याला मात्र प्राचीन काळापासून सतत पडत आली आहे, कारण लघवी तुंबली म्हणजे धडधाकट माणूसही काही तासांत लाचार होतो. तारुण्यात सुमारे २० ग्रॅम भरणारी ही ग्रंथी, जिला आज सगळे प्रोस्टेट म्हणतात, पन्नाशीनंतर बहुतेक पुरुषांत वाढू लागते. खडा धरण्याचा विकार तर लहान मुलालाही सोडत नाही. या दोन्ही विकारांवरील शस्त्रक्रियांचा इतिहास पाहू गेल्यास असे आढळते, की आज ज्यांना आपण सरसकट ‘दुर्बिणीची ऑपरेशने’ म्हणतो, त्यांतील कित्येक वाटा प्रथम बोटाच्या टोकाने शोधलेल्या आहेत; आणि त्या शोधाचा एक मोठा अध्याय हिंदुस्थानच्या इस्पितळांत घडला, ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असावयास हवी तितकी नाही.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातवा अध्याय अश्मरीचा, म्हणजे मुतखड्याचा, आहे. त्यात सांगितलेला विधी वाचताना, हे लिहिणाऱ्याने रोग्याच्या उशाशी आणि पायथ्याशी दोन्हीकडे उभे राहून पाहिले असले पाहिजे, याबद्दल संशय राहत नाही. गुडघ्याइतक्या उंच फळीवर एका बलवान आणि न डगमगणाऱ्या पुरुषाला बसवावे, त्याच्या मांडीवर रोग्याचे पूर्वांग टेकवून त्याची कंबर वर उचललेली राहील असे त्याला उताणे ठेवावे, गुडघे व कोपरे दुमडून सुताने किंवा कापडाच्या पट्ट्यांनी बांधावीत. मग नाभीच्या डाव्या बाजूस तेल चोळून, मुठीने दाबत दाबत खडा खाली आणावा. आणि नंतर नखे काढून तेल लावलेली डाव्या हाताची तर्जनी व मध्यमा ही दोन बोटे गुदद्वारातून आत घालून, खडा शिवणीच्या दिशेने असा रेटावा, की तो बाहेरून गाठीसारखा वर येईल. शिवणीपासून एक यव अंतर सोडून, तिच्या डाव्या अंगास, खड्याच्या मानानेच छेद घ्यावयाचा. खडा फुटू द्यावयाचा नाही, त्याचा चुरा होऊ द्यावयाचा नाही, कारण मागे राहिलेला कणसुद्धा पुन्हा वाढतो. म्हणून टोकाशी वळलेल्या चिमट्याने तो अखंड काढावयाचा. त्यानंतर मूत्राशयात रक्त साचू नये यासाठी रोग्याला कोमट पाण्याच्या द्रोणीत बसवावयाचे. मूत्रवह, शुक्रवह, सेवनी, गुद इत्यादी ज्या आठ स्थानांना शस्त्र लागता कामा नये त्यांची यादी तेथे आहे, आणि त्यांतील कोणते दुखावले असता काय भोगावे लागते हेही सांगितले आहे. परंतु मला सर्वांत थोर वाटते ती आणखी एक सूचना: खडा पकडल्यावर रोग्याचे डोळे उघडेच राहून तो अचेतन झाला, मान टाकून मृतवत् पडला, तर खडा ओढू नये. हातात आलेले यश सोडून देण्याची आज्ञा शास्त्रात लिहून ठेवावी लागते, यावरून ती किती मृत्यू पाहिल्यानंतर लिहिली गेली असेल याची कल्पना करावी. क्रिया न केल्यास मरण निश्चित आणि केल्यास यश संशयित, म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच वैद्याने हात घालावा, हाही दंडक तेथेच आहे.

रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी जवळजवळ हाच विधी वर्णिला आहे. उलट हिपोक्रेटिसच्या नावाने चालणाऱ्या शपथेत वैद्याने खड्यावर शस्त्र चालविणार नाही असे वचन देऊन ते काम त्या धंद्यातील लोकांवर सोपविले आहे. युरोपात पुढे कित्येक शतके ते धंदेवाईक लोकच गावोगाव हिंडून करीत. सॅम्युअल पेपिस या इंग्रज रोजनिशीकाराने २६ मार्च १६५८ रोजी आपला खडा काढून घेतला, तो जिवंत राहिला, आणि त्या तारखेस दरवर्षी मेजवानी करण्याचा शिरस्ता त्याने पाडला. जगण्याची शाश्वती किती थोडी होती, याचा हाच दाखला. पॅरिसच्या नेकेर इस्पितळात झाँ सिव्हियाल याने १८२४ साली मूत्रमार्गातून उपकरण आत घालून, एकही छेद न घेता, खडा मूत्राशयातच फोडून दाखविला, आणि पुढे युरोपभरचे आकडे गोळा करून असे सिद्ध केले, की छेद घेणाऱ्या पद्धतीत पाचांत सुमारे एक रोगी दगावतो, तर फोडण्याच्या पद्धतीत शेकड्याला दोन-तीन. वैद्यकात मतभेदाचा निवाडा आकड्यांनी करण्याची चाल पडली, तिच्या आरंभीच्या उदाहरणांत या मुतखड्याचे स्थान फार वरचे आहे.

सिव्हियालची पद्धत एका बैठकीत संपत नसे. थोडे फोडावे, तुकडे लघवीवाटे पडू द्यावेत, आठवड्याने पुन्हा फोडावे, आणि मधल्या काळात रोग्याने त्या धारदार तुकड्यांच्या यातना सोसाव्यात, असा तो क्रम होता. बॉस्टनच्या हेन्री बिगेलोने, ज्याने ईथरच्या गुंगीतील शस्त्रक्रियांचा वृत्तांत १८४६ साली प्रथम प्रसिद्ध केला होता, १८७८ मध्ये हा क्रम मोडला. रोगी गुंगीत आहे तर सर्व काम एकाच बैठकीत का उरकू नये, हा त्याचा प्रश्न होता, आणि ‘लिथोलॅपॅक्सी’ हे त्याचे उत्तर. पाण्याने भरलेल्या मूत्राशयात पोलादी चोच उघडावयाची, खडा तिच्या जबड्यात आला असे हाताला जाणवले म्हणजे स्क्रू आवळावयाचा, आणि चुरा झाल्यावर रुंद नळी आत सरकवून तिच्या दुसऱ्या टोकाच्या रबरी फुग्याने पाणी आत-बाहेर खेळवावयाचे, म्हणजे तुकडे वाहत येऊन खालच्या काचेच्या पात्रात पडतात. आत काही उरले आहे की नाही हे कळावयाचे कसे? शेवटचा तुकडा पाण्याच्या ओढीने नळीच्या धातूवर आपटला म्हणजे ‘टक्’ असा आवाज येई. शल्यवैद्य कान देऊन बसे, आणि आवाज थांबला म्हणजे काम संपले असे समजे.

ही विद्या बॉस्टनमध्ये जन्मली, पण तिचा खरा कस लागला तो हिंदुस्थानात. केवळ धान्यावर वाढणाऱ्या, दूध व इतर पौष्टिक अन्नाला पारख्या झालेल्या गरीब घरच्या मुलांत मूत्राशयाचा खडा त्या काळी आपल्या देशात विलक्षण प्रमाणात आढळे, आणि सरकारी इस्पितळांत अशा मुलांची रीघ लागलेली असे. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळे ही क्रिया त्यांच्यावर करणे धोक्याचे, असे विलायतेत मत होते. ते खोडून काढले होळकरांच्या इंदुरातील रेसिडेन्सी सर्जन डी. एफ. कीगन यांनी, बारीक उपकरणे वापरून त्यांनी लहान मुलांवर ही क्रिया यशस्वी करून दाखविली आणि ते अनुभव ग्रंथरूपाने मांडले. ज्या शेकडो मुलांच्या देहांवर ही गोष्ट सिद्ध झाली, त्यांतील एकाचेही नाव वैद्यकाच्या इतिहासात नाही.

याच सुमारास वायव्य प्रांतात पीटर फ्रायर नावाचा आयर्लंडच्या गॉलवे परगण्यातील तरुण, १८७५ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन, मुलकी सर्जन म्हणून एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात बदलून जात होता आणि जाईल तेथे खडे फोडीत होता. त्याची कीर्ती रामपूरच्या नबाबापर्यंत पोचली. नबाबाचा खडा त्याने फोडून काढला आणि नबाबाने त्याला एक लाख रुपये दिले. सरकारी नोकराने एवढी रक्कम स्वीकारावी काय, यावरून सरकारदरबारी मोठा पत्रव्यवहार झाला. वर्तमानपत्री चरित्रांत फ्रायरचा हाच प्रसंग रंगवून सांगितला जातो. माझ्या मते त्याच्या आयुष्यातील खरे धन म्हणजे त्या वीस-एकवीस वर्षांत मूत्राशयाच्या तळाशी त्याच्या हाताची झालेली ओळख होय. खडा फोडताना दर वेळी वाट अडवून बसलेली वृद्धांची ती वाढलेली ग्रंथी त्याला लागत असली पाहिजे.

नोकरीतून निवृत्त होऊन तो लंडनच्या सेंट पीटर्स इस्पितळात रुजू झाला, आणि १ डिसेंबर १९०० रोजी एकोणसत्तर वर्षांच्या एका गृहस्थावर त्याने ती शस्त्रक्रिया केली, जी पुढे त्याच्या नावाने ओळखली गेली. जघनास्थीच्या वर छेद घेऊन मूत्राशय उघडावयाचा. एका हाताचे बोट गुदाशयात घालून ग्रंथी खालून वर उचलून धरावयाची. दुसऱ्या हाताची तर्जनी मूत्राशयातून आत घालून, ग्रंथीवरील पातळ अस्तर नखाने फोडून, मोसंबीच्या सालीपासून गर सोडवावा तशी ती चोहोबाजूंनी सोडवून बाहेर काढावयाची. सारे काम काही मिनिटांचे. शस्त्राचा उपयोग जवळजवळ नाही; डोळ्यांचा तर नाहीच. सुश्रुताने खडा वर आणण्यासाठी जेथे बोटे ठेवावयास सांगितले, तेथेच फ्रायरचे बोट होते. त्याने सुश्रुत वाचला होता असा माझा दावा नाही. त्या जागेकडे मागून जाणारा मार्ग तेवढा एकच आहे, हे दोघांनाही हातानेच कळले. १९०१ मध्ये त्याने पहिले चार रोगी प्रसिद्ध केले, आणि १९१२ पर्यंत ती संख्या हजारावर गेली.

न्यूयॉर्कच्या यूजीन फुलरने जवळजवळ हीच क्रिया काही वर्षे आधी केली होती, आणि फ्रायरने त्याला त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले नाही, हे नमूद केलेच पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. संपूर्ण ग्रंथीच आपण काढतो, असे फ्रायर आग्रहाने सांगत राहिला. ते खरे नव्हते. निघतो तो आतला वाढलेला भाग. मूळ ग्रंथीचा बाहेरचा थर त्या वाढीने दाबला जाऊन सालीसारखा मागे राहतो. साध्या वाढीवर उपचार करताना ही साल राहणे इष्टच असते, कारण मूत्र आवरणारा स्नायू तिच्या आश्रयाने सुरक्षित राहतो. परंतु कर्करोग बहुधा या बाहेरच्या थरातच उद्भवतो, म्हणून प्रोस्टेटचे ऑपरेशन झालेल्या गृहस्थानेही पीएसए ही रक्ततपासणी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे चालू ठेवावयाची असते. ‘माझे प्रोस्टेट काढले आहे’ असे म्हणून निर्धास्त झालेली माणसे पाहिली, की फ्रायरचा तो शंभर वर्षांपूर्वीचा हट्ट अजून पुरता मावळलेला नाही असे वाटते.

या क्रियेत रक्तस्राव पुष्कळ होई आणि जखम मोठी नळी घालून उघडीच ठेवीत, त्यामुळे कित्येक दिवस मूत्र पोटावरून वाहे. १९४५ साली टेरेन्स मिलिन या दुसऱ्या आयरिश शल्यवैद्याने मूत्राशय न उघडता जघनास्थीमागून ग्रंथी काढण्याची रीत घातली. तोवर अमेरिकेत मूत्रमार्गातूनच विजेच्या तारेने ग्रंथी आतून किसून काढण्याची पद्धत रूढ झाली होती. मॅक्स निट्झेने १८७० च्या दशकात मूत्राशयात दिवा आणि भिंगे नेली होतीच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या काचेच्या दंडांनी ते अंधुक दृश्य लख्ख केले, आणि बोटाची सद्दी संपली असे सर्वांना वाटले.

मूत्रपिंडातील खड्याची कथा निराळी आणि अर्वाचीन आहे. लंडनच्या हेन्री मॉरिस यांनी १८८० मध्ये मूत्रपिंड कापून खडा काढला. पुढे शंभर वर्षे कुशीवरचा वीतभर व्रण हाच त्या रोग्याचा शिक्का असे. १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रोम आणि योहान्सन यांनी पाठीतून बोटाच्या जाडीचा मार्ग करून त्यातून खडा काढला. हीच आजची पीसीएनएल. आणि ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे क्रिश्चन शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्याला पाण्याच्या हौदात ठेवून बाहेरून सोडलेल्या आघातलहरींनी खडा फोडला. विमानांवर पावसाच्या थेंबांचे जे आघात होतात त्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉर्निये या विमाने बांधणाऱ्या कारखान्यातून ही कल्पना वैद्यकात आली. छेद नाही, सुई नाही. मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियांत असा दिवस पूर्वी उगवला नव्हता. तथापि दोन सेंटिमीटरहून मोठ्या किंवा फार कठीण खड्याला लहरी पुरत नाहीत, तेथे पीसीएनएलच लागते. मधल्या आकाराच्या खड्यांना मूत्रमार्गातून वर जाणारी लवचीक दुर्बीण आणि लेसर. या उपचारांनंतर बहुधा आत स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, ठेवतात. तो डॉक्टरांनी दिलेल्या तारखेस काढून घेण्यास विसरू नये, एवढे आग्रहाने सांगतो. विसरलेल्या स्टेंटवर नवे खडे धरतात आणि मूळ दुखण्याहून मोठे दुखणे उभे राहते.

प्रोस्टेटच्या बाबतीत मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. तारेने किसण्याच्या पद्धतीत धुण्याचे पाणी रक्तात शोषले जाऊन रोगी अत्यवस्थ होण्याचे भय असे, म्हणून काम साधारण तासाभरात आटोपावे लागे आणि फार मोठ्या ग्रंथी पोट उघडूनच काढीत. १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी होल्मियम लेसरने ग्रंथी किसण्याऐवजी सोडवून काढण्याची रीत बसविली. गर आणि साल यांच्यामधला जो थर फ्रायरच्या तर्जनीला लागला होता, त्याच थरातून आता लेसरचा तंतू आणि दुर्बिणीचे टोक मिळून फिरते. सुटलेले गोळे मूत्राशयात ढकलून, तेथे बारीक करून शोषून घेतात. धुण्यास सलाईन वापरता येत असल्यामुळे ते भय फार ओसरले. १०० ग्रॅमच्या पुढच्या ग्रंथीही आता अशा निघतात. शंभर वर्षे उपकरणे बदलत गेली, आणि शेवटी वाट ठरली ती बोटानेच आखलेली.

आमच्या घरांतील वडीलधारी मंडळी हे दुखणे अंगावर काढतात. धार बारीक झाली, रात्री चार वेळा उठावे लागते, हे ती सुनेसमोर बोलत नाहीत, मुलासमोर तर नाहीच. आणि गुदद्वारातून बोट घालून करावयाची जी मिनिटभराची तपासणी सर्व निदानाची पहिली पायरी, तिच्या संकोचाने दवाखान्याची पायरीही चढत नाहीत. औषधांनी आज पुष्कळांचे भागते. पण लघवी पुनःपुन्हा तुंबणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे, न थांबणारा रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण येणे अथवा मूत्राशयात खडा होणे, यांपैकी काही घडले म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ आली असे समजावे. आणि शस्त्रक्रियेनंतर वीर्य बहुधा बाहेर न पडता मागे मूत्राशयात जाते, हे रोग्याला आधीच स्पष्ट सांगणे हे शल्यवैद्याचे कर्तव्य आहे.

वर सांगितलेल्यांपैकी मूत्राशयात खडा होणे या लक्षणात आपले दोन्ही विकार एकत्र येतात. ग्रंथीने वाट अडविली म्हणजे मूत्राशय पुरता रिकामा होत नाही, आणि साचून राहिलेल्या मूत्रात खडा धरतो. अशा रोग्याला कमरेतून भूल देऊन, पाय वर बांधून, सुश्रुताने वर्णिलेल्या आसनाशी जुळणाऱ्या स्थितीत टेबलावर घेतात. प्रथम खडा लेसरने फोडून धुऊन काढतात, कारण अजून रक्तस्राव सुरू झालेला नसल्याने दिसते स्वच्छ. मग त्याच बैठकीत ग्रंथी सोडवतात. काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टकडे रवाना होतो, त्यात कधीकधी लपलेला कर्करोग सापडतो, आणि बहुतेकांची लघवीची नळी एक-दोन दिवसांत निघते.