कुलरच्या टबातली मेथी

नागपुरात पाऊस लागला, की कुलर बंद होतो. मग खिडकीबाहेर लटकलेल्या त्या डब्याकडे थेट दसऱ्याच्या साफसफाईपर्यंत कोणी बघत नाही. उत्तर नागपुरातल्या आमच्या गल्लीत जवळपास प्रत्येक घराला कुलर आहे. मोडीत निघालेले तर छतावर, जिन्याखाली, संडासामागे कुठेही पडलेले असतात. पाऊस पडतो, टबात पाणी साचतं, आणि डेंगूचा डास नेमकं असंच स्वच्छ, हलत नसलेलं पाणी शोधत असतो. आम्ही गल्लीतल्या चौघींनी त्या टबांचं काय केलं ते इथे सांगतो. आधी आमची चूक सांगितली पाहिजे.

कुंड्यांची हौस आम्हाला जुनीच. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात आमच्यातल्या एकीच्या नववीतल्या मुलीला ताप आला. डोळ्यांमागे दुखायचं, अंग मोडून यायचं. तपासणीत डेंगू निघाला. प्लेटलेट उतरल्या, पाच दिवस सलाइन लागलं. ती घरी आली त्याच आठवड्यात तपासणीला आलेल्या आरोग्यसेविका ताई दारोदार फिरत होत्या. आम्ही मोठ्या ऐटीत सांगितलं, आमच्याकडे कुठे पाणी साचत नाही, पिंप झाकलेलं आहे. त्यांनी तुळशीच्या कुंडीखालची थाळी ओढली आणि टॉर्च मारला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. "बाई, वर झाडाची नर्सरी अन् खाली डासांची," एवढंच त्या म्हणाल्या.

मुलीला चावलेला डास त्याच थाळीतला होता असं कोणी सांगू शकत नाही. पण त्या दिवशी घरोघरी एकच वाद झाला. पुरुष मंडळी म्हणाली, सगळ्या कुंड्या फेका. सासूबाईही त्यांच्याच बाजूच्या. आम्ही म्हटलं, थाळ्या फेकू, कुंड्या का?

ताईंनी समजावलं ते असं. हा डास अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवतो. पाणी आटलं तरी अंडी मरत नाहीत, कोरडी राहून काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणजे टब नुसता उपडा करून भागत नाही, आतून काथ्याने खसखसून घासावा लागतो. कुलरच्या जुन्या गवताच्या जाळ्यांनाही अंडी चिकटलेली असू शकतात, त्या पिशवीत बांधून कचरागाडीत द्यायच्या. अंड्यापासून उडणारा डास व्हायला या हवेत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातलं सगळं साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायची. आम्ही रविवार धरला. रविवारी बुद्धविहारात जायच्या आधी पिंप, बादल्या, फ्रिजमागचा ट्रे, पक्ष्यांचं पाण्याचं भांडं, सगळं घासून होतं.

मोडक्या कुलरचे टब उरले होते. भंगारवाल्याला देणार होतो, पण एकीच्या डोक्यात आलं, की भोकं पाडली तर यात पाणी साचणारच नाही, माती भरू. तळाला बोट जाईल एवढी दहा-बारा भोकं पाडली आणि टब चार विटांवर ठेवला. खाली थाळी नाही. पाणी जातं ते सरळ नालीकडे. ज्याचं पाणी शेजाऱ्याच्या दारात जाईल असा टब ठेवू नका, त्यावरून आमच्याकडे एकदा चांगलंच भांडण झालंय.

टब निवडताना मात्र बघा. गंजू नये म्हणून लोखंडी टबाला आतून डांबर नाहीतर रंग मारतात. असल्या टबात आम्ही खायचं काही लावत नाही, त्यात झेंडू आहे. भाजीला प्लास्टिकचे टब, फुटक्या बादल्या आणि खाद्यतेलाचे डबे. रंगाचे आणि कीटकनाशकाचे रिकामे डबे कितीही धुतले तरी नकोत. छतावर ठेवायचं तर वजनही लक्षात असू द्या. वीस लिटरच्या बादलीत माती भरून ती ओली झाली, की पंचवीस-तीस किलो सहज भरते. टीनाच्या छपरावर किंवा खिडकीच्या ग्रिलवर असा भार टाकू नये.

नुसती आपली काळी माती भरली तर पावसात चिखल होतो आणि ऊन पडलं की दगड. पहिल्या वर्षी आमची मेथी उगवून बोटभर झाली आणि आठ दिवसांच्या झडीत मानेतून कुजून आडवी पडली. आता दोन घमेली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं धानाचं तूस असं मिसळतो. टबात वीतभर थर पुरतो. झड लागली की वर दोन काठ्यांवर प्लास्टिक टाकतो, पण त्या प्लास्टिकच्या झोळातही पाणी साचतं, ते रोज झटकावं लागतं.

पेरणी पोळ्याला. पोळ्याच्या अमावस्येपासून अशोक विजयादशमीपर्यंत साधारण ४० दिवस मिळतात. मेथी २५-३० दिवसांत तोडायला येते, लाल माठही तेवढ्यातच. सांबार (पुण्या-मुंबईची कोथिंबीर) ४० दिवस घेतो. बियाणं स्वयंपाकघरातलंच. मेथीदाणा रात्रभर भिजवून पेरला की चार-पाच दिवसांत वर येतो. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करायचे, मग भिजवायचे. ते आठ-दहा दिवस दिसत नाहीत, तेव्हा उकरून पाहू नका. पालक दर दहा दिवसांनी एकेका टबात टाकला तर एकदम संपत नाही. दीक्षाभूमीला येणारे गावाकडचे पाहुणे दसऱ्याला घरी उतरतात, तेव्हा मेथीची पातळभाजी घरच्या टबातली होते. त्याच दिवसांत पाहुण्यांसाठी पाणी भरून ठेवलेली जादा पिंपं मात्र कापडाने बांधून ठेवा.

पाऊस गेला की ऑक्टोबरचं ऊन तापतं. तेव्हा सकाळी पाणी, दुपारी वर जुनी ओढणी. बोट मातीत खुपसून ओल लागली तर पाणी द्यायचं नाही. उन्हाच्या तडाख्यात सांबार फुलावर येतो, मग त्याचे धणे होऊ द्या. मावा पडला तर साबणाचं पातळ पाणी शिंपडतो. डास मारायचा स्प्रे भाजीवर कधीही नाही.

आता हिमोग्लोबिनचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. टबातल्या मेथीने ते भरून निघेल असं आम्ही म्हणणार नाही. शंभर ग्रॅम मेथीत लोह पाच-सहा मिलिग्रॅम, आणि बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅम सांगितली आहे. त्यातलंही थोडंच अंगी लागतं. भाजीवर लिंबू पिळलं तर जास्त लागतं, जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर भाजी खाते म्हणून त्या बंद करू नका.

आणि विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आहे, हे विसरून चालत नाही. रक्त कमी म्हणून शेजारणीच्या लोहाच्या गोळ्या आणून खाणं इथे फार होतं. सिकलसेलच्या रुग्णाने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पालेभाजी खायला हरकत नाही. तिच्यातलं फोलेट त्यांना हवंच असतं, फक्त ती फार वेळ शिजवू नका. तपासणी झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या, लग्न ठरायच्या आधी तर नक्कीच. अशा घरात ताप आला तर थांबू नका. डेंगूच्या दिवसांत तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे नऊ टब होते, यंदा तेरा झालेत. आजारी पडलेली ती मुलगी आता अकरावीला आहे आणि रविवारी टॉर्च घेऊन फिरायचं काम तिचं. मागच्या रविवारी तिला अळ्या सापडल्या त्या सासूबाईंनी देवळीत ठेवलेल्या मनीप्लांटच्या बाटलीत. सासूबाईंनी बाटली तिथेच नालीत रिकामी केली आणि मनीप्लांट झेंडूच्या टबात खोचला.