दोघीच निघाल्या, तर कोणता समुद्र?

ऑक्टोबर 2025 मध्ये श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूचा परनाका या पाच किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मिळाल्याच्या बातम्या आल्या आणि तेव्हापासून 'सुरक्षित किनारा कोणता' हा प्रश्न जणू सुटलाच, असं वातावरण आहे. त्यात आज 1 मार्च. राज्याच्या 'आई' या महिला पर्यटन धोरणानुसार आजपासून 8 तारखेपर्यंत राज्य पर्यटन महामंडळाच्या (एमटीडीसी) निवासात महिलांना निम्म्या दरात खोली. एसटीचं अर्धं तिकीट तर 2023 च्या मार्चपासून आहेच. शिवाय परवा धुळवड. म्हणजे या आठवड्यात कोकणाकडे निघणाऱ्यांत मुलीमुलींचे गट भरपूर असणार, आणि 'आम्ही दोघीच जाणार' असं घरात ठामपणे सांगणाऱ्याही असणार.

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या राजुरीच्या अशाच दोघींनी मला विचारलं. एक नारायणगावला लॅबमध्ये काम करते, दुसरी पुण्यात कंपनीत आहे. त्यांची सुरुवात कोकणापासून झालीच नव्हती. मोबाइलवर बघून बघून बार्बाडोस, अँटिग्वा, जमैका अशी नावं त्यांच्या तोंडी बसली होती. वेस्ट इंडीज म्हटलं की आमच्या आधीच्या पिढीला 1971 ची वाडेकरांची टीम आणि गावसकरांच्या 774 धावा आठवतात. या मुलींना निळं पाणी आणि पांढरी वाळू आठवते. तिकिटाचा आकडा पाहून बेत मागे पडला, पण त्या निमित्ताने दोघींनी जे वाचलं ते वाया गेलं नाही. कॅरिबियनला जाणारा माणूस किनारा कसा निवडतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

तो आधी महिना पाहतो. तिकडे 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम मानतात, म्हणून गर्दी असते ती डिसेंबर ते एप्रिल. मग तो बेटाची बाजू पाहतो. वारा बहुतेक वेळ पूर्वेकडून येतो, त्यामुळे बार्बाडोसच्या पश्चिम किनाऱ्यावर पाणी शांत असतं आणि पूर्वेच्या बाथशेबाला लाटा अशा आदळतात की तिथे लाटांवर स्वार होणारेच जातात. एकच बेट, पण एका बाजूला आजी नातवाला घेऊन बसेल आणि दुसऱ्या बाजूला पट्टीचा पोहणाराही विचार करेल. आपल्याकडेही हे दोन्ही धडे लागू आहेत. जून ते सप्टेंबर पाण्यात पाय घालायचा नाही, आणि गावाचं नाव बघून न थांबता किनाऱ्याचा नेमका कोणता भाग हे बघायचं.

पण तिकडच्या सल्ल्यात एक गोष्ट जवळपास नसते, आणि आपल्याकडे नेमकी तीच सगळ्यात मोठी आहे. ती म्हणजे भरती-ओहोटी. कॅरिबियन समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती आणि ओहोटीच्या पाण्यात जेमतेम अर्ध्या मीटरचा, कित्येकदा त्याहूनही कमी फरक पडतो. मुंबईला उधाणाच्या दिवशी तो चार मीटरच्या वर जातो. खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे तो कमी होत जातो, तरी माणूस बुडेल इतका उरतोच. सकाळी ज्या वाळूवर क्रिकेट खेळलो तिथे दुपारी डोक्यावर पाणी असू शकतं. दर सुट्टीत कुणाची ना कुणाची गाडी ओल्या वाळूत रुतून लाटांत सापडल्याचा फोटो पेपरात येतो. त्या माणसाला गाडी चालवता येत नसते असं नाही, त्याला घड्याळ ठाऊक नसतं.

आता हे घड्याळ आपल्या घाटावरच्या माणसाच्या घरातही आहे, हे मला श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर एका वयस्कर कोळ्याने समजावून सांगितलं. जाळं विणता विणता तो बोलत होता आणि मान वर न करता मला तिथी विचारत होता. त्याचा हिशोब कोकणात सगळीकडे चालतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेपर्यंत असं मोजत जायचं आणि प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून सुरुवात करायची. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाणी त्याच्यामागून येतं, एवढंच त्यामागचं कारण. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं, त्यामुळे दर तिथीला काही मिनिटं मागे राहतात आणि पक्ष संपेपर्यंत ती साठतात. म्हणून पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा येतात, पण पाणी बाराच्या आसपासपर्यंत चढतच असतं. बंदरागणिक अर्धा-पाऊण तासाचा फरक धरावा, आणि नेमकी वेळ तिथल्या माणसाला विचारून घ्यावी.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढउतार कमी. हे सगळं दोघींना सांगितल्यावर त्यांच्यातली लॅबवाली म्हणाली, "काकू, मग तिथी तर आपल्या भिंतीवरच आहे की." खरंच आहे. कालनिर्णय 1973 पासून घराघरात आहे, संकष्टी कधी हे आपण त्यात बघतो, त्याच पानावर समुद्रही आहे.

आता परवाच्या धुळवडीचा विचार करा. होळी पौर्णिमेची, म्हणजे धुळवडीला उधाण ठरलेलं. भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास. रंग खेळून लोक पाण्यात उतरतात तीही हीच वेळ. गर्दी, काही जणांच्या पोटात दारू, आणि वर्षातल्या मोठ्या पाण्यांपैकी एक. दोघी मुलींसाठी मी त्या दिवशी कोणताच किनारा सुचवणार नाही, कितीही झेंडे लागलेले असोत.

आणि भांगाचा दिवस म्हणून निर्धास्त व्हावं, असंही नाही. पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले 14 विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले, तो दिवस होता 1 फेब्रुवारी 2016. पंचांग मागे नेऊन पाहिलं तर त्या दिवशी कृष्ण अष्टमी, म्हणजे भांग. तिथी वेळ सांगते, अभय देत नाही. बुडणारे बहुतेक जण पोहायला गेलेले नसतात. ते गुडघाभर पाण्यात उभे असतात, पायाखालची वाळू सरकते, कमरेएवढं पाणी छातीला येतं आणि परतीची ओढ आत नेते. दोन ठिकाणी ही ओढ जास्त असते: खाडीच्या तोंडाशी, विशेषतः ओहोटी सुरू असताना, आणि खडकांच्या कडेला. मोकळ्या किनाऱ्यावरही ती असते. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा तेवढा गुळगुळीत, गढूळ, आत सरकणारा दिसतोय, तर नवख्याला तीच जागा शांत वाटते. तिथेच उतरायचं नसतं. सापडलंच तर किनाऱ्याकडे झटत न बसता किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या बाहेर पडायचं आणि हात वर करून ओरडायचं.

राजुरीच्या मुलींना हे पटकन समजतं, कारण त्या बिबट्याच्या मुलखात वाढल्या आहेत. आमच्याकडे कुणी उसाच्या कडेने जाणंच बंद करत नाही. तो कोणत्या वेळी निघतो हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून बॅटरी, काठी आणि मोठ्याने बोलत जाणं आपोआप होतं. समुद्राचीही अशीच सवय जाणून घ्यायची आहे.

मग त्या 'ब्लू फ्लॅग'चा अर्थ काय? डेन्मार्कच्या कोपनहेगनमधली एक पर्यावरण शिक्षण संस्था तो देते. 1985 मध्ये फ्रान्समध्ये सुरुवात झाली, दोन वर्षांनी तो युरोपभर गेला. 33 निकष आहेत. पाण्याची तपासणी, कचऱ्याची व्यवस्था, माहितीफलक आणि सुरक्षा-सोयी असे त्याचे चार भाग. भारतात पहिल्या आठ किनाऱ्यांना तो 2020 मध्ये मिळाला, 2022 पर्यंत बारा झाले, आणि इतका लांब किनारा असलेल्या महाराष्ट्राचं त्यात एकही नाव नव्हतं. म्हणून या पाच नावांचा मला मनापासून आनंद आहे. पण हा झेंडा हंगामापुरता असतो, दरवर्षी पुन्हा कमवावा लागतो. विशाखापट्टणमच्या ऋषिकोंडा किनाऱ्याचा झेंडा 2025 च्या सुरुवातीला काही काळ काढून घेण्यात आला होता. त्यामुळे नाव यादीत आहे यावर न थांबता, गेल्यावर मनोऱ्यावर जीवरक्षक बसलाय का, हे डोळ्यांनी पाहायचं. गोव्याने 2008 पासून पगारी जीवरक्षकांचं दल किनाऱ्यांवर ठेवलं आहे, लाल-पिवळ्या झेंड्यांमधलं पाणी पोहण्यासाठी मोकळं असतं आणि नुसता लाल असेल तर कुणीही उतरायचं नसतं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे काम ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद नेमेल त्या स्थानिक पोरांवर आहे. ती पोरं जीव धोक्यात घालून माणसं काढतात. त्यांना बारमाही पगार, दोर, तराफा आणि प्रशिक्षण देणं हे झेंड्यापेक्षा आधीचं काम आहे आणि ते राज्याने करायला हवं.

झेंड्याच्या निकषांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र साधी आहे: स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची जागा. पुरुष ओल्या चड्डीवर वडापाव खातो. मुलीला ओल्या कपड्यांत, वाळूने भरलेल्या सलवारीत, बघणाऱ्यांच्या नजरांतून रूमपर्यंत चालत जावं लागतं. मग ती पाण्यात जातच नाही, काठावर चपला सांभाळत बसते. कडी लागणारं दार, आत दिवा, खिळ्याला कपडे अडकवायची सोय, एवढं असलं की किनारा बायकांचा होतो.

घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "दोघीच? सोबत कोण?" आईची काळजी खोटी नाही. पण 'सोबत कोण' या प्रश्नाने सगळं ओझं मुलींवर पडतं आणि ते आयुष्यभर पडतच राहतं. मुरूडच्या सहलीत सोबत शिक्षक होते, सव्वाशेच्या आसपास मुलं होती. माणसांची संख्या समुद्रापासून वाचवत नाही. त्याऐवजी घरच्यांनी विचारावं की उजेडात पोहोचणार का, राहायच्या घरात बायका आहेत का, किनारा घरापासून चालत किती आणि त्या वाटेवर दिवे आहेत का, त्या दिवशी तिथी कोणती. या प्रश्नांची उत्तरं फोनवर मिळतात. मी तर सांगते, बुकिंगचा फोन लावा आणि घरातल्या बाईला फोनवर बोलवायला सांगा. ती दोन मिनिटं नीट बोलली, जेवायला काय करू म्हणून विचारलं, की निम्मं काम झालं.

यजमानाच्या बाजूने हे राजुरीला नवं नाही. आमच्या पराशर कृषी पर्यटनात शहरातली माणसं येऊन राहतात, आणि 2018 मध्ये जुन्नर विशेष पर्यटन तालुका जाहीर झाल्यापासून अशी घरं वाढली. आपल्याकडे पाहुणी म्हणून आलेली मुलगी रात्री अंगणात निवांत बसते, कारण आतून भाकरी थापल्याचा आवाज येत असतो. 'आई' धोरणात महिलांना पर्यटन व्यवसायासाठी 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा आहे. तो किनाऱ्यावरच्या घरं चालवणाऱ्या बायकांपर्यंत जितका पोहोचेल, तितके किनारे सुरक्षित होतील असं माझं स्पष्ट मत आहे. दंडुका घेतलेल्या पहाऱ्यापेक्षा खानावळ चालवणारी बाई जास्त पाहते.

तर त्या दोघींचं ठरलं ते असं. धुळवड घरी. आठवडाभराने, भांगाच्या तिथींना, पुणे-ताम्हिणी-माणगाव मार्गे एसटीने श्रीवर्धन. बाळाजी विश्वनाथांचं गाव, शिवनेरीच्या मुलखातल्या मुलींना पेशव्यांचं मूळ पाहायला काय हरकत आहे? गाव मोठं, बाजारपेठ, दवाखाना, पोलीस ठाणं सगळं जवळ. हरिहरेश्वरला देवदर्शन करायचं, पण देवळामागच्या खडकांवरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरती असताना जायचं नाही. तिथे अचानक आलेल्या लाटेने माणसं ओढून नेली आहेत. तिथून बागमांडल्याला जाऊन फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी आणि पुढे वेळास.

वेळासवर माझा विशेष जीव आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी वाचवायचं काम उभं केलं आणि गावाने पाहुण्यांसाठी आपलीच घरं उघडली. फेब्रुवारी ते एप्रिल पिल्लं सुटतात, सकाळी आणि संध्याकाळी. दोरीच्या मागे शाळेची मुलं, आजोबा, कॅमेरेवाले सगळे एका रांगेत बसलेले असतात, त्यामुळे दोघी मुली तिथे वेगळ्या दिसतच नाहीत. पोहण्यासाठी हा किनारा नाही, पोहायचं ते श्रीवर्धनला, जीवरक्षकाच्या समोर, कमरेच्या आत. रात्री गावातल्या घरात जेवण, अंगणात गप्पा.

पुण्यातल्या मुलीच्या आईने अजून होकार दिलेला नाही. तिने वेळासच्या घराचा फोन नंबर मागून घेतला आहे आणि आज दुपारी ती स्वतः तिथल्या वहिनींशी बोलणार आहे.