न्यूट्रिनो : भीती कशाची आणि प्रश्न कोणते?

हे वाक्य वाचून होईपर्यंत वाचकाच्या अंगठ्याच्या नखातून हजारो कोटी न्यूट्रिनो आरपार निघून गेलेले असतील. सूर्याच्या गाभ्यात जन्मलेल्या या कणांचा पृथ्वीवरील वर्षाव दर चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला सुमारे ६,५०० कोटी इतका असतो. रात्रीही तो थांबत नाही. फरक इतकाच, की तेव्हा तो पायाखालून, सबंध पृथ्वी ओलांडून येतो. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात या कणांच्या अभ्यासासाठी डोंगराच्या पोटात प्रयोगशाळा उभारण्याचे ठरले, तेव्हा मात्र याच कणाच्या नावाने धास्ती पसरली. किरणोत्सर्ग होईल, शेती आणि पाणी नासेल, बोगद्यात अणुकचरा साठवला जाईल, अशा एक ना अनेक शंका. त्यांतील कोणत्या खऱ्या आणि कोणत्या पोकळ, हे समजण्यासाठी आधी या कणाचा स्वभाव समजून घ्यायला हवा.

कण अडत का नाही?

अणू बहुतांशी पोकळ असतो, असे शाळेत शिकवले जाते. मग माणूस जमिनीत रुतत का नाही? कारण तळपायातील आणि जमिनीतील इलेक्ट्रॉन विद्युतभारामुळे एकमेकांना दूर लोटतात. पदार्थाचे घनपण म्हणजे मुख्यतः विद्युतबलाची आणि इलेक्ट्रॉनांच्या नियमांची करामत आहे. न्यूट्रिनोवर विद्युतभार नाही आणि अणुकेंद्र बांधून ठेवणारे प्रबळ बलही त्याला जाणवत नाही. त्याला जाणवते ते क्षीण बल. त्याचा पल्ला प्रोटॉनच्या आकाराच्याही सुमारे हजाराव्या भागाइतका असतो. त्यामुळे न्यूट्रिनोच्या लेखी भिंत, डोंगर, माणूस हे सारे जवळपास रिकामेच. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो शिशाने अडवायचे, तर त्या शिशाच्या भिंतीची जाडी प्रकाशवर्षांत मोजावी लागेल.

किरणोत्सर्गापासून अपाय होतो तो किरण शरीरातील अणूंना धक्का देतात म्हणून. जो कण धक्का देतच नाही, त्याच्यापासून इजा होण्याचे कारण नाही. गंमत अशी, की माणसाच्या शरीरातील पोटॅशियमचा एक अल्प अंश निसर्गतःच किरणोत्सारी असतो. त्यामुळे प्रौढ व्यक्तीच्या देहातून दर सेकंदाला ४,००० च्या आसपास न्यूट्रिनो किंवा त्यांचे प्रतिकण बाहेर पडत असतात.

मग तो सापडतो कसा?

वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये या कणाची कल्पना मांडली, ती किरणोत्सारी ऱ्हासात ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता म्हणून. कण प्रत्यक्ष सापडायला १९५६ साल उजाडले. अमेरिकेत फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी अणुभट्टीशेजारी तो टिपला. उपाय एकच असतो : भरपूर पदार्थ जमवायचा आणि वाट पाहायची. कोट्यवधी कोटींतून एखादा न्यूट्रिनो अणुकेंद्राला धडकतो आणि मागे खूण ठेवतो.

अडचण असते ती गोंगाटाची. अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळून म्यूऑन नावाचे कण तयार करतात आणि ते उघड्या तळहातातून सेकंदाला एखाद-दुसरा या गतीने जात असतात. या गर्दीत न्यूट्रिनोची दुर्मीळ खूण हरवून जाते. म्हणून प्रयोगशाळा जमिनीखाली न्यायची. डोक्यावर किलोमीटरभर खडक असला, की म्यूऑनांची संख्या सुमारे दहा लाख पटींनी घटते. न्यूट्रिनोला मात्र त्या खडकाची दखलही नसते.

या शास्त्रात भारत उपरा नाही, ही गोष्ट थेनीच्या वादात फारशी कोणाच्या कानावर गेली नाही. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानच्या ओसाका आणि ब्रिटनच्या डरहॅम येथील शास्त्रज्ञांसमवेत उपकरणे उतरवली होती. एम. जी. के. मेनन आणि बी. व्ही. श्रीकांतन हे त्यातील प्रमुख. युक्ती साधी, पण नामी होती. वरून येणारा म्यूऑन विश्वकिरणांतील असू शकतो. पण आडवा येणारा म्यूऑन कित्येक किलोमीटर खडक भेदून पोहोचणे शक्य नाही. तो जवळच्याच खडकात न्यूट्रिनोच्या धडकेतून जन्मलेला असणार. १९६५ मध्ये असे आडवे म्यूऑन सापडले आणि वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंचा छडा लागला. त्याच सुमारास राइन्स यांच्या गटालाही दक्षिण आफ्रिकेतील खाणीत हेच यश मिळाले. शोधनिबंध मात्र कोलारचा काही दिवस आधी प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये ही खाण बंद झाली.

रूप बदलणारा कण

न्यूट्रिनो तीन प्रकारचे असतात आणि प्रवासात एका प्रकारचा दुसऱ्या प्रकारात पालटतो. हे कसे घडते, याची कल्पना तंबोऱ्यावरून येईल. दोन तारांचे सूर अगदी किंचित वेगळे असले, की आवाज ठरावीक लयीत चढतो-उतरतो. न्यूट्रिनोतही किंचित निराळ्या वस्तुमानांच्या तीन लहरी मिसळलेल्या असतात आणि त्यांच्या चढउतारात कणाचे रूप पालटते. वस्तुमाने सारखी असती, तर हा खेळच झाला नसता. म्हणूनच जपानच्या सुपर-कामिओकांदे प्रयोगाने १९९८ मध्ये आणि कॅनडाच्या सडबरी येथील प्रयोगाने २००१-०२ मध्ये हे रूपांतर दाखवले, तेव्हा न्यूट्रिनोला वस्तुमान असल्याचेही सिद्ध झाले. ताकाकी काजिता आणि आर्थर मॅक्डोनाल्ड यांना त्यासाठी २०१५ चे नोबेल मिळाले. तिघांत सर्वांत जड कोण, हे कोडे मात्र शिल्लक राहिले.

न्यूट्रिनो प्रकाशाहून वेगवान असल्याची बातमी २०११ मध्ये गाजली होती. तो नीट न जोडलेल्या केबलचा प्रताप निघाला आणि २०१२ मध्ये विषय संपला.

उपयोग काय, हाही नेहमीचा प्रश्न. रोजच्या व्यवहारात आज काहीही नाही, असे सरळ सांगणेच योग्य. पण सूर्याच्या गाभ्यातील घडामोडींची खबर सव्वाआठ मिनिटांत आणणारा दुसरा दूत नाही. तिथल्या प्रकाशाला पृष्ठभागापर्यंत यायलाच हजारो वर्षे लागतात. फेब्रुवारी १९८७ मध्ये शेजारच्या दीर्घिकेतील ताऱ्याचा स्फोट झाला, तेव्हाही प्रकाशाच्या काही तास आधी जेमतेम दोन डझन न्यूट्रिनोंनी वर्दी दिली होती.

थेनीचा खरा प्रश्न

तीन वस्तुमानांचा क्रम शोधणे हेच थेनीतील पोट्टिपुरम येथे योजलेल्या भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेचे मुख्य उद्दिष्ट. सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा, ५० हजार टन चुंबकित लोखंड आणि सुमारे १,५०० कोटी रुपये खर्च, अशा या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१५ मध्ये मंजुरी दिली. ही वेधशाळा न्यूट्रिनो निर्माण करणार नव्हती. वातावरणातून येणारेच टिपणार होती. तेव्हा न्यूट्रिनोच्या किरणोत्सर्गाची भीती निराधारच होती.

तथापि कण निरुपद्रवी म्हणून बोगदाही निरुपद्रवी, हा युक्तिवाद लंगडा आहे. जागा पश्चिम घाटातील, केरळच्या मथिकेट्टन शोला राष्ट्रीय उद्यानाच्या निकट. सुरुंगांचे हादरे, उपसलेला दगड, वाघांचा भ्रमणमार्ग हे प्रश्न भौतिकशास्त्राच्या उत्तरांनी मिटणारे नाहीत. निलगिरीतील सिंगाराची आधीची जागाही हत्तींच्या वाटेमुळे २००९ मध्ये नाकारली गेली होती. पोट्टिपुरमची पर्यावरण परवानगी राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये स्थगित केली, केंद्राने २०१८ मध्ये ती पुन्हा दिली आणि २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रकल्पाला विरोध नोंदवला. कणाची भीती आणि डोंगराची चिंता यांची सरमिसळ झाल्याने दोन्हींवर नीट चर्चा झालीच नाही.

दरम्यान, चीनमधील जुनो या २० हजार टन द्रवाच्या प्रयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये नोंदी घेण्यास सुरुवात केली. उद्दिष्ट तेच, तिघांतील सर्वांत जड कोण हे शोधण्याचे. भारतीय शास्त्रज्ञांनी मदुराईत ८५ टनांची छोटी प्रतिकृती उभारली खरी; पण ती जमिनीवर असल्याने तिच्या वाट्याला येतात ते विश्वकिरणांतील म्यूऑन.